साथीचा कायदा आणि रुग्णाची प्रतिष्ठा : मुंबईने शिकलेले धडे

मुंबई शहराला साथीचे रोग नवे नाहीत. परंतु १८९६ च्या प्लेगने या शहराला दिलेला धडा केवळ वैद्यकाचा नव्हता. तो कायद्याचा आणि नीतीचाही होता. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा शासनाने हाती घेतलेला कायदा त्याच प्लेगच्या काळातला होता. म्हणून हा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात ठेवणे आम्हांला अगत्याचे वाटते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर पुढे महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलाव येथे मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. ऑक्टोबरमध्ये पालिकेने रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्यास आरंभ केला. इस्पितळात नेलेला माणूस जिवंत परतत नाही, अशी अफवा पसरली आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. २०२० मध्ये मुंबईतील पहिल्या कोरोनाबाधितांना याच ठिकाणी दाखल करण्यात आले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्यात अवघी चार कलमे होती. शासनाला व्यापक अधिकार, आज्ञाभंगास शिक्षा आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण, एवढाच त्याचा गाभा. शासनाचे कर्तव्य काय आणि रुग्णाचा हक्क काय, याविषयी त्यात एक शब्दही नव्हता. परिणामी मार्च १८९८ मध्ये घरझडतीवरून मुंबईत पुन्हा दंगल उसळली. याउलट, निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग इस्पितळे चालविण्याची मुभा मिळाली, तेव्हा लोकांची भीती काहीशी ओसरली. सक्तीने रुग्ण लपविले जातात, विश्वासाने ते पुढे येतात, हा पहिला धडा होय.

दुसरा धडा संमतीचा. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, ही गोष्ट गौरवास्पद आहे. परंतु पाठोपाठ तिचा प्रयोग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर झाला. ते स्वेच्छेने पुढे आले असे नोंदले गेले. तथापि बंदिवानाची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न आजही विचारणे भाग आहे. परळची हाफकिन संस्था त्या संशोधनाचा वारसा सांगते.

तिसरा धडा न्याय्य वाटपाचा. लालबाग-परळच्या चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत आणि सामाईक शौचालय वापरणाऱ्या कुटुंबाला ‘अंतर पाळा’ असे सांगणे सोपे, पाळणे अशक्यप्राय. नियम सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार सारखा नसतो. मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर नियंत्रित केले, ते याच जाणिवेतून. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्यात, हे बंधन तर साथ नसतानाही आहे. आपल्या वाचकांनी ते ध्यानात ठेवावे व गरजू शेजाऱ्यांना सांगावे.

चौथा धडा मृतांच्या सन्मानाचा. ३० मार्च २०२० रोजी पालिकेने सर्व कोरोना मृतांचे दहन सक्तीचे केले. त्याच दिवशी तो आदेश बदलावा लागला. २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सन्मानाने अंत्यविधी होणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील हक्काचाच भाग आहे. ज्या कुटुंबांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही घडले नाही, त्यांना या वाक्याचे मोल सांगावे लागत नाही.

सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा ठरला. हे योग्यच झाले. मात्र रुग्णाच्या हक्कांची बाजू त्यात कोरीच राहिली. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या आपल्या अहवालात या कायद्यातील उणिवा दाखवून व्यापक बदलांची शिफारस केली आहे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणीही सांगू शकत नाही. ती येण्यापूर्वी कायद्यात शासनाच्या अधिकारांशेजारी त्याची कर्तव्येही लिहिली जावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.