शब्दवेध : बार्बेक्यू आणि शेगडी

संध्याकाळी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत फुटपाथलगत खुर्च्या मांडल्या जातात, निखाऱ्यांवर पनीर टिक्का आणि सीख कबाब भाजू लागतात. पाटी मात्र ‘बार्बेक्यू’ची. हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. त्यांची ‘बार्बाकोआ’ म्हणजे जमिनीपासून उंच बांधलेली काटक्यांची माची. वर मांस-मासळी, खाली मंद आग. १५२६ साली तो स्पॅनिश ग्रंथात छापला गेला, पुढे इंग्रजीत शिरला आणि तिथून मुंबईच्या उपनगरांत पोचला.

त्याच्या शेजारचे शब्दही दूरचे : सीख फारसी, कबाब अरबी. भाजण्याची रीत मात्र आपल्याकडे जुनीच. शूलावर, म्हणजे टोकदार सळईवर, भाजलेल्या मांसासाठीच्या ‘शूल्य’ शब्दाची घडण पाणिनीने सूत्रात सांगितली आहे. आपली सळई ‘शलाका’तून आली. अमरकोशात निखाऱ्यांच्या पात्राला ‘अंगारशकटी’ म्हटलं आहे. शकटी म्हणजे छोटी गाडी. शेगडी त्याच कुळातली मानतात.

बार्बेक्यू आला, रुळला, त्याचं स्वागतच आहे. पण बोरिवली-घाटकोपरच्या एखाद्या मालकाने पाटीवर ‘शेगडी’ असं ठळक लिहावं. गिऱ्हाइकाला कळणारा, इतका जुना आणि नेमका शब्द दुसरा मिळणार नाही.