शंकरराव व्यास : रामनामापासून रामराज्यापर्यंत

पंचवटीचे नाव निघाले म्हणजे रामकुंड, सीतागुंफा आणि काळारामाचे काळ्या पाषाणाचे देऊळ ही चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. याच भूमीवर रामकथेतील सुखाचा वनवास संपला आणि दुःखाच्या वनवासास आरंभ झाला, अशी लोकांची श्रद्धा आहे. आपल्या चित्रपटातील रामकथेचे एक मूळही याच परिसरात सापडते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. गोदावरीकाठच्या एका आश्रमात वाढलेली भजनाची परंपरा पुढे मुंबईच्या चित्रशाळेत कशी पोहोचली, आणि तिला तेथे नेणारा शंकरराव व्यास हा संगीतकार कोण होता, हे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

आधी एका योगायोगाचा उल्लेख केला पाहिजे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रसिद्ध केल्यावर, १९१३ सालीच, आपले बिऱ्हाड व कारखाना नाशकास हलविला. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहना’त अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. तो राम प्रेक्षकांनी डोळे भरून पाहिला. पण तो मुका होता. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९२२ मध्ये, त्याच नाशकात पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी पंचवटीस ‘रामनाम आधार आश्रम’ स्थापिला. एकाच गावात एकाने रामास रूप दिले आणि दुसऱ्याने नाद सांभाळला. या दोहोंचा मेळ पडण्यास मात्र आणखी वीस वर्षे जावी लागली.

विष्णु दिगंबरांचे चरित्र वाचकांस ठाऊक असेलच. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विद्या घेऊन ते उत्तरेकडे गेले, आणि १९०१ साली लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. १९०८ पासून मुंबईस त्याचा विस्तार झाला. पुढे कर्जापायी तेथील इमारत हातची गेली. गवई म्हणजे व्यसनी आणि गाणे म्हणजे बैठकीची चैन, हा समाजाचा ग्रह पालटावा यासाठी या पुरुषाने जन्म वेचला. चिजांतील उत्तान शब्द काढून त्यांनी भक्तिपर शब्द घातले, मैफलीस तिकीट लावले, आणि विद्यार्थ्यांस शिस्तीने व वेळेवर गाण्यास शिकविले. उत्तरायुष्यात त्यांच्या मुखी रामनामावाचून दुसरे काही राहिले नाही. १९३१ च्या ऑगस्टात मिरजेस त्यांचा अंत झाला.

शंकरराव हे त्यांचे शिष्य. कोल्हापुरास १८९८ साली, पुराण-कीर्तनाची परंपरा असलेल्या घरात त्यांचा जन्म झाला. धाकटे बंधू नारायणराव यांच्याप्रमाणेच त्यांनी गांधर्व महाविद्यालयात विद्या संपादिली. नारायणराव पुढे ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे घरोघर पोहोचले. शंकररावांचा ओढा अध्यापनाकडे व स्वररचनेकडे अधिक होता. त्यांनी काही काळ अहमदाबादेस संगीताचे शिक्षण दिले, नंतर मुंबईस दादरला व्यास संगीत विद्यालय चालविले, आणि ‘व्यासकृति’ या नावाने आपल्या बंदिशी प्रसिद्ध केल्या. थोडक्यात, हा मनुष्य वृत्तीने शिक्षक होता. चित्रपटाच्या धंद्यात असा मनुष्य रमेल असे कोणास वाटले नसते.

परंतु तसे घडले. विजय भट्ट व त्यांचे बंधू शंकरभाई यांच्या प्रकाश पिक्चर्सने १९४० साली ‘नरसी भगत’ काढला. त्यात नरसी मेहतांची भूमिका विष्णुपंत पागनीसांनी केली आणि संगीत शंकररावांनी दिले. १९४२ च्या ‘भरत मिलाप’चे, १९४३ च्या ‘रामराज्य’चे आणि १९४८ च्या ‘रामबाण’चे संगीतही त्यांचेच. प्रेम अदीब यांचा राम आणि शोभना समर्थ यांची सीता ही जोडी त्या काळी इतकी लोकप्रिय झाली की त्यांच्या छबी घरोघर भिंतींवर लागल्या.

‘रामराज्या’ची कथा उत्तरकांडातील, म्हणजे सीतात्यागाची. त्यातील तीन गीतांवरून शंकररावांच्या कलेची पारख करता येते. पहिले सीतेचे वीणेवरील गीत. ते सरस्वतीबाई राणे यांनी गायिले आहे. अब्दुल करीमखाँसाहेबांची ही कन्या किराण्याच्या गायकीत वाढलेली, आणि शंकरराव ग्वाल्हेर परंपरेतले. तथापि त्या दोन वाटांचा येथे विरोध दिसत नाही. राग भीमपलास आहे. दिवसाच्या तिसऱ्या प्रहराची जी हुरहूर या रागात असते, ती पुढे येणाऱ्या वियोगाची जणू चाहूल देते. दुसरे वृद्ध वाल्मीकीच्या तोंडचे गीत. ते गाण्याविषयी आधी अंध गायक कृष्णचंद्र डे यांस विचारले होते; पण दुसऱ्या नटास आपला आवाज देण्यास ते राजी होईनात, तेव्हा ते काम त्यांचे तरुण पुतणे मन्ना डे यांच्याकडे आले.

तिसरे गीत लवकुशांचे. दोन मुले रामाच्या दरबारात उभी राहून रामासच त्याच्या पत्नीची कथा ऐकवितात. चाल अगदी साधी, थोड्याच स्वरांत फिरणारी, आख्यानासारखी पुन्हापुन्हा येणारी आहे. एखाद्या हौशी संगीतकाराने येथे ताना भरल्या असत्या. कीर्तनाच्या संस्कारात वाढलेल्या शंकररावांस ठाऊक होते की, येथे गळा दाखवावयाचा नसून कथा पोहोचवावयाची आहे. आरोपीच्या जागी राजा आहे आणि साक्ष मुले देत आहेत. अशा ठिकाणी शब्द स्पष्ट ऐकू येणे हाच मोठा अलंकार होय.

येथे एक आक्षेप येतो. ज्या गुरूने संगीतास बाजारातून उचलून आश्रमात नेले, त्याच्याच शिष्याने ते पुन्हा बाजारात आणले काय? मला तसे वाटत नाही. संगीत मूठभर रसिकांच्या दिवाणखान्यातून काढून सामान्य जनांस द्यावे, हाच विष्णु दिगंबरांचा हेतू होता. त्यांचे दुसरे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीस गेले आणि गुरूंची रामधून गांधीजींच्या प्रार्थनेत रुजली. शंकरराव अंधेरीच्या चित्रशाळेत गेले. स्थळे भिन्न असली तरी बीज एकच होते. चित्रपटाविषयी अनास्था असलेल्या गांधीजींनी १९४४ साली जुहूस ‘रामराज्य’ पाहिला, तेव्हा या दोन वाटा क्षणभर एकत्र आल्या असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरीही एक गोष्ट विसरता येत नाही. २ मार्च १९३० रोजी याच पंचवटीत, काळारामाच्या दाराशी, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य मानलेले स्त्री-पुरुष उभे होते, आणि दार उघडले नाही. पुढे कित्येक वर्षे तो सत्याग्रह चालला. त्या लढ्याचा प्रश्न हक्काचा होता. चित्रपटाने तो सुटला असे कोणी म्हणू नये. पण रामाची कथा व तिचे गाणे ऐकण्यास चित्रगृहाच्या दाराशी मोल पडत होते ते पैशाचे, जन्माचे नव्हे. देवळाने जे केले नाही ते काही अंशी एका आण्या-दोन आण्यांच्या तिकिटाने केले, याचा अभिमान नव्हे, विचार वाटावा.

शंकररावांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्या शिस्तीने त्यांस घडविले, तिनेच त्यांस बांधून ठेविले. पौराणिक व भक्तिपर कथेबाहेर त्यांचा ठसा उमटला नाही. १९५२ साली प्रकाशने ‘बैजू बावरा’ काढला. विषय सर्वस्वी गायनाचा. परंतु संगीत दिले नौशाद यांनी. त्यातील सामन्याच्या गाण्यात अमीरखाँसाहेबांसमोर आवाज लागला तो दत्तात्रेय विष्णु पलुस्करांचा, म्हणजे नाशकास जन्मलेल्या गुरुपुत्राचा. शिष्याची वाट जेथे थांबली तेथून गुरूचा पुत्र पुढे गेला. पण तोही १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, निवर्तला. पुढच्याच वर्षी शंकररावांनी देह ठेविला.

आज त्यांचे नाव थोड्यांसच आठवते. रामायणाच्या गाण्यात शब्द स्पष्ट असावेत, चाल सर्वांच्या गळ्यात बसावी, आणि रागाने कथेवर कुरघोडी करू नये, असे मात्र आपण आजही अपेक्षितो. ही अपेक्षा ज्यांनी आपल्या कानांस लावली, त्यांत हा दादरचा शिक्षक होता.