वनप्रवेश आणि वनशिस्त : राळेगावपासून मेळघाटापर्यंत

वनात पायी हिंडणाऱ्याने आणि तेथे रात्रीचा मुक्काम करणाऱ्याने कोणती बंधने पाळावी, हा प्रश्न सामान्यतः सद्वर्तनाचा मानला जातो. आग पेटवू नये, कचरा मागे टाकू नये, आखलेली वाट सोडू नये, परवान्यावाचून आत शिरू नये, ही त्याची ठरावीक उत्तरे होत. या नियमांचे मूळ अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या चळवळीत शोधण्याची रीत आहे. यलोस्टोन उद्यानाची स्थापना १८७२ साली झाली. पुढे १९६४ च्या अमेरिकन अरण्यविषयक कायद्याने मनुष्य हा अरण्यात केवळ पाहुणा आहे, तो तेथे राहावयास आलेला नाही, अशी भूमिका घेतली. विदर्भापुरते पाहिले तर मात्र ही वंशावळ अपुरी ठरते. येथे यांतील बहुतेक बंधने पर्यटकासाठी निर्माण झालीच नाहीत. ती प्रथम घातली गेली सरपण आणणाऱ्यावर, गुराख्यावर आणि मोहफुले वेचणाऱ्यावर. पर्यटक त्यांच्या कक्षेत पुष्कळ उशिरा आला.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. या काळातील वनातला मुक्काम म्हणजे प्रामुख्याने साहेबाचा मुक्काम. हिवाळा लागला की अधिकारी दौऱ्यावर निघत. तंबू, राहुट्या, खानसामे आणि घोडे यांचा लवाजमा बैलगाड्यांतून पुढे जाई, आणि ज्या गावाच्या शिवारात तळ पडे त्या गावाने दूध, कोंबड्या, वैरण व सरपण यांची रसद पुरवावी अशी अपेक्षा असे. वेठीचा प्रश्न येथेच उद्भवतो. तळाखालील जमीन, तळासाठी तोडलेले लाकूड आणि तळावर पेटलेली शेकोटी यांचा हिशेब कोणी विचारीत नसे. जेम्स फोर्साइथ यांचा सातपुड्याच्या अरण्यांवरील ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. वनांची पाहणी, शिकार आणि भटकंती या तिन्ही गोष्टी त्यात इतक्या एकजीव आहेत की सरकारी काम कोठे संपते व छंद कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण व्हावे.

याच पिढीने वणव्याला शत्रू ठरविले. सातपुड्यातील बोरीच्या जंगलात १८६० नंतरच्या दशकात कर्नल पिअर्सन यांनी आगीपासून संरक्षणाचे जे प्रयोग केले, त्यांतून पुढची पद्धती घडत गेली. जाळरेषा म्हणजे उन्हाळ्यापूर्वी पट्टा साफ करून, त्यातील पालापाचोळा बेताने जाळून टाकून मोठ्या आगीची वाट अडविणे. ती आजही वनखात्याचे नेमाचे काम आहे. मध्य भारतातील पानझडी जंगलाची रचना पाहता तिची आवश्यकता नाकारता येणार नाही. सागाची पाने फाल्गुन-चैत्रात जमिनीवर कोरडी पडलेली असतात, आणि एखादी विझविण्याची राहिलेली चूलही पुरेशी होते. परंतु आग हे वनवासीयांचे हत्यारही होते. बेवर शेतीसाठी, नव्या गवतासाठी, मोहाखालची जमीन स्वच्छ करण्यासाठी ते तिचा उपयोग करीत. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी राखीव वनात आग लावणे, परवानगीच्या ऋतूबाहेर ती पेटविणे वा नेणे, गुरे चारणे आणि अनधिकृत प्रवेश हे सर्व गुन्ह्यांच्या एकाच मालिकेत बसविले. पदयात्रिकाला आज सांगितला जाणारा शेकोटीविषयीचा नियम या मालिकेतून आलेला आहे.

यवतमाळ जिल्ह्याने या कायद्याला दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रहाचा प्रारंभ केला. त्याच महिन्यात यवतमाळजवळ लोहारा येथे डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी सत्याग्रह केला व त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. मिठाच्या सत्याग्रहाला समुद्र लागतो. वऱ्हाडात समुद्र नव्हता, जंगल होते, एवढ्याच कारणाने या लढ्याचे स्पष्टीकरण पुष्कळदा केले जाते. ते पटण्यासारखे नाही. गवताची पेंढी हे येथील शेतकऱ्याच्या दृष्टीने केवळ प्रतीक नव्हते. बैलाची वैरण कोठून आणावयाची, हा त्याचा दर वर्षीचा प्रश्न होता, आणि राखीव वनाच्या सीमेने तो अधिक बिकट केला होता.

स्वातंत्र्यानंतर शिकारीची जागा हळूहळू संरक्षणाने घेतली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमात अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी देता येईल हे सांगितले आहे : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि तेथे राहणाऱ्या व्यक्तीशी कायदेशीर व्यवहार. प्राण्यांना छेडणे व आवारात कचरा टाकणे यांना २७ व्या कलमाने मनाई आहे. आगीसंबंधीचा निर्बंध ३० व्या कलमात, शस्त्रासंबंधीचा ३१ व्या कलमात. हीच बंधने राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतात. फरक महत्त्वाचा आहे तो चराईचा. अभयारण्यात तिचे नियमन करता येते, राष्ट्रीय उद्यानात गुरे नेण्यास मनाईच आहे.

विदर्भातील डोंगराळ राष्ट्रीय उद्यान म्हणजे मेळघाटातील गुगामल. व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश होता, आणि गुगामलचे क्षेत्र ३६१.२८ चौरस किलोमीटर आहे. खंडू, खापरा, सिपना, गाडगा व डोलार या नद्यांच्या खोऱ्यांनी हा प्रदेश चिरलेला आहे, आणि त्या साऱ्यांचे पाणी तापीला मिळते. ऐन वैशाखात पाणवठे मोजके उरतात. म्हणून पाण्याजवळ तळ ठोकू नये, हा पदयात्रिकांचा नियम येथे शिष्टाचारापेक्षा अधिक आहे. मनुष्याचा वावर राहिला तर जनावर तहानलेले राहते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राण्यांची मोजदाद करण्याची प्रथा याच भूगोलातून निघाली. वाघांच्या गणनेसाठी आता स्वयंचलित कॅमेऱ्यांचा आधार घेतला जातो. तरी ‘निसर्गानुभव’ या नावाने मचाणावरची ती रात्र टिकून आहे. नोंदणी करावयाची, दिवस असताना मचाणावर चढावयाचे, सकाळपर्यंत खाली उतरावयाचे नाही, आवाज करावयाचा नाही. नागरी मनुष्याला लाभणारा अरण्यातला हा बहुधा सर्वांत शिस्तबद्ध मुक्काम असावा.

राळेगाव तालुक्यातही मचाण आहे, परंतु ते शेतातले. वर्धा नदीच्या अलीकडचा हा कापूस-तुरीचा मुलूख. गोंड व कोलाम वस्त्या, मधून मधून झुडपी जंगल, आणि रानडुक्कर व रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी रात्रीची जागल. राष्ट्रीय उद्यान येथे नाही. जवळचे टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर, आणि तेही तालुक्याबाहेर. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा परिसरात वाघाच्या हल्ल्यांत जी तेरा माणसे मेल्याचे सांगितले गेले, ती अभयारण्याच्या हद्दीत घुसलेली नव्हती. आपल्या शेतात वा गुरांमागे गेलेली ती माणसे होती. यांतील बहुतेक मृत्यूंचा दोष टी-१ या वाघिणीवर ठेवण्यात आला. प्राणिप्रेमींनी तिला अवनी म्हटले.

त्या काळात गावकऱ्यांना दिलेल्या सूचना पदयात्रिकांच्या नियमावलीशी जुळतात : एकट्याने जाऊ नये, गटाने राहावे, सूर्यास्तापूर्वी परतावे. सूचना चुकीच्या नव्हत्या. पण त्या पाळण्याची किंमत वेगळी होती. पदयात्रिक न गेला तर त्याची सुटी वाया जाते. गुराखी न गेला तर गुरे उपाशी राहतात, आणि जागल सोडली तर एका रात्रीत पीक जाते. जो पाहुणाच नाही त्याला पाहुण्याचे नियम लावण्यातील अडचण राळेगावात जितकी उघडी पडली तितकी क्वचितच अन्यत्र पडली असेल.

उलट वाघिणीसाठी पडलेल्या तळाने जुन्या दौऱ्यांची आठवण करून द्यावी. नेमबाज, पशुवैद्य, हत्ती, शिकारी कुत्रे, हवाई ग्लायडर, इतकेच काय विदेशी अत्तरसुद्धा या मोहिमेत आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांतील एक हत्ती सुटला आणि त्याने एका स्त्रीचा बळी घेतला. वाघीण शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटी परिसरात गोळीने मारली गेली. ठार करण्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्येच नकार दिला होता. तथापि प्रत्यक्ष कृतीत नियमभंग झाल्याचे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत पुढे आले. रात्रीची वेळ, भुलीच्या बाणाचा वाद, नेमबाजाचा अधिकार, यांवर वर्तमानपत्रांत पुष्कळ शाई खर्च झाली. तेरा घरांविषयी त्या मानाने थोडीच झाली.

तिची दोन पिल्ले मागे राहिली. त्यांतील मादी डिसेंबर २०१८ मध्ये पकडून पेंचला नेण्यात आली. पुढच्याच वर्षी टिपेश्वरमध्ये जन्मलेला, गळ्यात रेडिओपट्टा असलेला एक तरुण नर वाघ अभयारण्य सोडून निघाला आणि शेते, नाले व रस्ते ओलांडीत डिसेंबर २०१९ पर्यंत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या वाटेचा पुष्कळसा भाग कोणत्याही परवान्याच्या हद्दीत नव्हता. तेथे शेतकरी होते, आणि बहुतेकांना तो जवळून गेल्याचा पत्ताही लागला नाही.