विटाळाचे दुसरे रूप

समलिंगी माणसे म्हणजे शहरातले थेर, आपल्या गावात तसले कोणी नाही, असे दिघोरीसारख्या भंडारा जिल्ह्यातल्या गावांत आजही ठासून सांगितले जाते. असा माणूस समोर येण्याआधीच त्याची किळस शिकवून झालेली असते. मग तो स्वतःला लपवतो. आणि तो दिसत नाही म्हणून किळस खोटी ठरत नाही. पूर्वग्रह जगतो तो असा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडले की, बरोबरीच्या नात्याने सहवास घडला तर पूर्वग्रह ओसरतो. सहवासच तोडणारी अस्पृश्यता ज्यांनी भोगली, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

ही किळस निसर्गाने दिलेली नाही, तिला ग्रंथाधार आहे. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय पुरुषाने पुरुषाशी केलेला संग जातिभ्रंश करणाऱ्या पातकांत मोजतो. म्हणजे येथेही राखायची आहे ती जातीची शुद्धता! पुढे इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ घातले आणि त्या किळसेच्या हाती कायद्याचा दंडुका आला.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्यातला हा एवढा श्लोक आपण जपून ठेवायचा काय?

बाबासाहेबांची भूमिका १९३४ साली दिसली. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. लैंगिक विषयावरचे लेखन तेवढ्याने अश्लील ठरत नाही आणि विकृती असलीच तर ती ज्ञानानेच जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

पुढे १९७३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून काढली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय दिला.

कायदा बदलला, पण मन बदलले नाही. आपल्या वस्तीतला एखादा मुलगा 'बायल्या' म्हणून हिणवला जातो, एखाद्या मुलीचे लग्न तिच्या इच्छेविरुद्ध उरकले जाते, तेव्हा जयंतीच्या व्यासपीठावरून समतेवर बोलणारे कार्यकर्तेही गप्प बसतात. समलिंगी दलितावर तर जात आणि ही किळस असे दोन विटाळ लादले जातात. त्याला आपल्याच वस्तीत, आपल्याच विहारात तोंड लपवावे लागत असेल, तर आपली समता अपुरी आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. हा विषय आपल्या अभ्यासवर्गांत आणि वसतिगृहांत उघडपणे चर्चेला आला पाहिजे.