गिरणगाव, कोकण आणि प्रा. अरुणाचलम

भूगोल म्हटला की आपल्या मुलांना नद्यांची लांबी नि राजधान्यांची नावे आठवतात. गिरणीत राबलेला आपला बाप त्या पुस्तकांत कुठे सापडत नाही. मुंबई विद्यापीठात भूगोल विभागाचे प्रमुख राहिलेले प्रा. बी. अरुणाचलम यांची ओळख आम्ही करून देतो आहोत ती याचसाठी.

१९६७ साली त्यांचा महाराष्ट्रावरचा इंग्रजी ग्रंथ आला. पण आम्हाला जवळचे वाटते ते १९८० चे पुस्तक. प्रा. सी. डी. देशपांडे आणि एल. एस. भट यांच्याबरोबर त्यांनी दक्षिण कुलाबा अभ्यासाला घेतला. चवदार तळ्याचे महाड याच पट्ट्यातले. मुंबईसारखे शहर आसपासच्या मुलखाचे काय करते, हा प्रश्न. आपल्या वस्तीत कुणाही म्हाताऱ्याला विचारा! जमीन तुकड्याची, पीक भाताचे, म्हणून तरणा गडी लालबाग-परळला. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे, पगार झाला की पोस्टाच्या रांगेत उभे राहायचे. गावची चूल मनीऑर्डरीवर. शहर आणि गाव यांचे हे नाते विद्यापीठाने अभ्यासाचा विषय मानले, हे लहानसहान नव्हे. पुढे १९८१ ला कुलाब्याचा रायगड झाला आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. पगार थांबले, मनीऑर्डरी आटल्या. संपाआधीचा तो काळ या पुस्तकात राहिला.

सरांचे दुसरे वेड दर्याचे. लक्षद्वीपच्या आणि कच्छच्या जुन्या नाविकांच्या पोथ्या त्यांनी अभ्यासल्या. कच्छकडे जहाजाला वाट दाखवणाऱ्याला मालम म्हणतात. त्याचे एक साधन होते कमाल. लाकडाची छोटी फळी, तिला गाठी मारलेली दोरी, बस्स. दोरीची गाठ दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची. वरच्या कडेला ध्रुव टेकला तर बंदराच्या रेषेत आलो. मुंबईत ध्रुव साधारण १९ अंश वर दिसतो, दक्षिणेकडे जावे तसा खाली उतरतो. म्हणून बंदरागणिक गाठ वेगळी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांचे हे गणित सरांनी विद्या म्हणून मांडले. भारतीय नौकानयनाच्या वारशावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००२ साली मुंबईतच निघाला.