‘राइट’ : एका आडनांवाचा पूर्वेतिहास

शाळेंत इंग्रजी शिकतांना ‘राइट’ या एकाच उच्चाराच्या चार शब्दांनीं ज्याला छळलें नाहीं असा विद्यार्थी विरळा. लिहिणें तेंही राइट, बरोबर तेंही राइट, धर्मविधि तोही राइट; आणि या तिघांच्या मागोमाग एक चौथा येतो, तो मात्र कोशाबाहेर एकटा क्वचितच भेटतो. आरंभीं डब्ल्यू, मध्यें जी-एच, आणि दोन्ही मुकीं. हा चौथा राइट आज बहुधा माणसाच्या नांवापुढें बसलेला आढळतो. इंग्लंडांतील अगदीं सामान्य आडनांवांत त्याची गणना होते, आणि विमानाच्या शोधामुळें तो आपल्याकडील शाळकरी मुलांच्याही तोंडीं बसला आहे. परंतु आडनांव होण्यापूर्वी तो धंद्याचा शब्द होता. तो धंदा त्याच्या हातून कसा गेला, ही हकीकत आम्हांस विमानाच्या हकीकतीइतकीच वाचनीय वाटते.

नॉर्मन लोक येण्यापूर्वीच्या जुन्या इंग्रजींत हा शब्द ‘व्युर्ख्ता’ असा कांहींसा उच्चारीत असत. ‘काम करणें’ या अर्थाच्या धातूपासून तो झालेला; म्हणजे ‘करणारा’, ‘घडविणारा’ एवढाच त्याचा मूळ अर्थ. पुढें त्यांतील रकारानें आपली जागा सोडली आणि तो आरंभींच्या व्यंजनाला जाऊन चिकटला. आपल्याकडे नुकसानाचें नुस्कान होतें, तशांतलाच हा वर्णव्यत्यास. त्या काळीं या शब्दाचा पसारा मोठा होता. गाडी करणारा, जहाज बांधणारा, इतकेंच काय पण जोडे शिवणारासुद्धां राइटच. मागें वस्तूचें नांव जोडलें कीं कारागिराचें नांव तयार. सृष्टीच्या निर्मात्यालाही त्या काळच्या लेखनांत हाच शब्द लावलेला आढळतो. चांभार आणि जगत्कर्ता यांना एकाच शब्दानें संबोधण्यांत त्या लोकांना कांहीं अनुचित वाटत नसे, ही गोष्ट आम्हांस फार आवडते.

इ. स. १००० च्या सुमारास एल्फ्रिक नांवाच्या एका मठवासी विद्वानानें मुलांना लॅटिन बोलण्याचा सराव व्हावा म्हणून एक संवाद रचला. त्याच्या एका हस्तलिखितांत लॅटिन ओळींच्या वरच्या बाजूस जुन्या इंग्रजींतील प्रतिशब्द लिहिलेले आहेत, म्हणून आज तो भाषाशास्त्रज्ञांना अमोल वाटतो. त्यांत नांगऱ्या, मेंढपाळ, कोळी, शिकारी, स्वयंपाकी असे एकामागून एक येऊन आपापलें काम सांगतात. शेवटीं श्रेष्ठ धंदा कोणता असा प्रश्न निघतो, व शेतकऱ्याला मान मिळतो. त्याबरोबर लोहार उठतो आणि विचारतो, माझ्यावांचून याला नांगराचा फाळ कोण देणार? त्यावर त्याला उत्तर मिळतें कीं, शेतकऱ्याच्या घरीं निदान भाकरी मिळते. तुझ्या भट्टींत ठिणग्या, घणांचा ठणठणाट आणि भात्याचा वारा, याखेरीज आहे काय? मग सुतार पुढें येतो. लॅटिनांत त्याला लाकूडकामाचा कारागीर म्हटलें आहे, आणि वरच्या इंग्रजी शब्दांत तो ‘झाडाचा राइट’ झाला आहे. घरें, भांडीं, नावा सारें मीच करतों, माझ्यावांचून कोणाचें चालतें, असें तो विचारतो. लोहार त्याला तेथेंच अडवतो : माझ्या हत्याराशिवाय तुला लांकडाला एक भोंकसुद्धां पाडतां यायचें नाहीं! आपापलें काम नीट करा असें सांगून भांडण मिटविलें जातें. मुलांच्या पाठ्यपुस्तकांत याहून जिवंत पान आमच्या पाहण्यांत नाहीं.

१०६६ सालीं नॉर्मनांनीं इंग्लंड जिंकलें. राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच, दप्तराची लॅटिन. १०८६ च्या प्रसिद्ध डूम्सडे नोंदवहींत सुतार सांपडतो तो ‘कार्पेंटारियुस’ या लॅटिन नांवानें; त्याचेंच फ्रेंच रूप ‘कार्पेंटर’ पुढें इंग्रजींत शिरलें. यांतली गंमत अशी कीं, या शब्दाच्या मुळाशीं दुचाकी गाडीचें एक नांव आहे, आणि तेंही रोमन लोकांनीं गॉल लोकांकडून उचललेलें. म्हणजे हा परका पाहुणाही मुळांत गाडी करणारा राइटच. पण पाहुण्याला दरबारचा मान होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरनें आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मधील कारभाऱ्याचें वर्णन करतांना, तारुण्यांत हा सुतारकाम शिकला होता हें सांगण्यासाठीं राइट आणि कार्पेंटर हे दोन्ही शब्द एकाच ओळींत लागोपाठ घातले आहेत. यमकाची सोय असेलही. पण जुना भाडेकरू अजून घर सोडीत नाहीं आणि नवा तर सामान घेऊन आंत आला आहे, असें तें दृश्य दिसतें. १४७५ सालीं एडिंबरो शहरानें तेथील सुतार व गवंडी यांच्या संघाला सनद दिली ती ‘राइट’ या नांवानें. दोनच वर्षांनीं लंडनच्या सुतारांना राजाची सनद मिळाली ती ‘कार्पेंटर’ या नांवानें. दक्षिणेंत निकाल लागला होता, उत्तरेंत जुना शब्द तग धरून होता. लोहाराचा ‘स्मिथ’ मात्र कोणत्याही फ्रेंच शब्दाला हटला नाहीं. एल्फ्रिकच्या संवादांतील तें भांडण अखेर लोहारानेंच जिंकलें म्हणावयाचें.

याच शतकांत इंग्लंडांत आडनांवें स्थिर होत होतीं. बापाचा धंदा मुलानें सोडला तरी धंद्याचें नांव त्याच्या मागें चिकटून राहूं लागलें, आणि असा हा शब्द आडनांवांत जाऊन वांचला.

धंद्यांत तो उरला तो जोडशब्दांपुरता. सतराव्या शतकाच्या आरंभीं नाटक लिहिणाऱ्यास तो जोडला गेला, पण गौरवार्थ नव्हे. (त्याचा संबंध लिहिण्याच्या ‘राइट’शीं जोडून चुकीची अक्षरें लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनीं क्षणभर येथें थांबावें.) बेन जॉन्सननें तो एका विनोदी शत्रूच्या टोपणनांवासारखा वापरला, नाटकें ठोकठोक करून जुळविणारा, असा त्यांतला डंख. १६१७ सालीं एका उपहासकारानें जॉन वेबस्टर या नाटककाराला नाटकें करणारा म्हणावें कीं गाड्या करणारा, असा चिमटा काढला. वेबस्टरचा बाप खरोखरच गाड्या करणारा होता.

पण आडनांवानें केलेला सर्वांत क्रूर विनोद पुढचाच. आर्कराइट म्हणजे धान्याच्या पेट्या करणारा, कार्टराइट म्हणजे गाड्या करणारा. रिचर्ड आर्कराइट हा व्यवसायानें न्हावी. त्यानें १७६९ सालीं पाण्याच्या शक्तीनें चालणाऱ्या सूतकताईच्या यंत्राचा हक्क मिळविला. एडमंड कार्टराइट हा धर्मोपदेशक. त्यानें १७८५ सालीं यंत्रमागाचा हक्क मिळविला. या यंत्रांनीं घरोघरचे चरखे थांबविले व हातमागवाल्यांची अन्नान्नदशा केली. हातानें घडविणाऱ्यांचीं नांवें ज्यांच्या वांट्यास आलीं, त्यांच्याच हातून हातकाम बुडावें!

या यंत्रांच्या पोटीं ज्या गिरण्या निघाल्या, त्यांपैकीं यॉर्कशरमधील सॉल्टेअरच्या गिरणींत एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत एक लहान मुलगा भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या बसविण्याचें काम करी. त्यापूर्वी तो दगडाच्या खाणीवर गाढवें हांकीत असे. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचतां येत नव्हतें. त्याचें नांव जोसेफ राइट. तो वाचावयास शिकला, रात्रशाळांतून पुढें गेला, सांठविलेल्या पैशांवर जर्मनींत हायडेलबर्ग येथें जाऊन १८८५ सालीं डॉक्टर झाला आणि १९०१ सालीं ऑक्सफर्ड येथें तुलनात्मक भाषाशास्त्राचा प्राध्यापक. गिरणींत व खाणींत ऐकलेली ग्राम्य बोली त्यानें कधीं टाकली नाहीं. उलट साऱ्या देशांतील बोलींचा सहा खंडांचा कोश त्यानें तयार केला. त्याचा अखेरचा खंड १९०५ सालीं निघाला. त्यांत ‘राइट’ हा शब्द आहे, आणि स्कॉटलंडांत व उत्तरेकडे त्याचा अर्थ ‘सुतार’ असा होतो, हेंही नमूद आहे.