आंगऱ्यांविरुद्धच्या आरमारी मोहिमांचा जमाखर्च

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीने आंगऱ्यांविरुद्ध काढलेल्या मोहिमांच्या खर्चाचा विचार करताना वाद मुळात कशावरून होता, हे आधी पाहावे लागते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी शुल्क भरून दस्तक, म्हणजे समुद्रातून निर्वेध जाण्याचा परवाना, घ्यावे अशी कान्होजी आंगऱ्यांची मागणी होती. पोर्तुगीज तर सोळाव्या शतकापासून कार्ताझ या नावाने असेच परवाने सक्तीने देत आले होते. तेव्हा इंग्रजी कागदपत्रांत ज्याला चाचेगिरी म्हटले आहे, तो मराठी राज्याच्या सरखेलाने, म्हणजे आरमारप्रमुखाने, बजावलेला हक्क होता, आणि तो मान्य करण्यापेक्षा लढणे परवडेल असे कंपनीच्या मुंबईतील अधिकाऱ्यांनी ठरवले.

१७१५ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर झालेल्या चार्ल्स बूनने शहराची तटबंदी पुरी करून घेतली, लढाऊ जहाजे बांधली आणि १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर व १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर आरमार धाडले. यांपैकी एकही किल्ला हाती लागला नाही. विजयदुर्गाच्या दुसऱ्या मोहिमेसाठी मुद्दाम एक तरती तोफखाना-नौका बांधण्यात आली होती. सपाट तळाची आणि जाड बाजूंची ही नौका तटाजवळ नेता यावी अशी कल्पना होती. परंतु तोफांसाठी ठेवलेली भोके इतकी खाली होती की तोफांची तोंडे पुरेशी वर करता येईनात आणि गोळे पाण्यात पडू लागले.

या अपयशाचे मूळ केवळ अशा चुकांत नव्हते. आंगऱ्यांचे गुराब, म्हणजे पुढच्या टोकाला समोर मारा करणाऱ्या तोफा असलेली दोन-तीन डोलकाठ्यांची जहाजे, आणि गलबते, म्हणजे शिडांबरोबरच वल्ह्यांवर चालणाऱ्या लहान, चपळ नौका, एकमेकांच्या आधाराने लढत. वारा पडला की इंग्रजांचे अवजड जहाज जागच्या जागी अडकून राही, तर गलबते वल्ही मारीत गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीस नेऊन उभे करीत, जिथे त्याच्या तोफा सर्वांत कमी असत. प्रतिकूल प्रसंग आलाच तर हा सारा ताफा खाडीत, किल्ल्याच्या आश्रयाला जाई. किल्ल्याला रसद जमिनीकडून मिळत असेल, तर समुद्रावरून कितीही दारूगोळा उडवला तरी तो वायाच जाणार, ही गोष्ट १७२१ च्या कुलाब्याच्या मोहिमेत उघड झाली. त्या वेळी इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला होता आणि पोर्तुगीजही सोबत होते. पण पेशवा बाजीराव कान्होजींच्या मदतीस धावून गेला, हल्ला फसला आणि पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परस्पर तह केला.

स्वतःच्या व आश्रित व्यापाऱ्यांच्या जहाजांच्या रक्षणापायी कंपनीला वर्षाकाठी ५०,००० पौंड मोजावे लागत, असे कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने नमूद केले आहे. दस्तकाचे शुल्क देण्याचा पर्याय या रकमेपुढे खचितच स्वस्त ठरला असता. तरीही कंपनीने तो धरला नाही, कारण शुल्क दिले की किनाऱ्यावरची आंगऱ्यांची सत्ता मान्य केल्यासारखे होई; हा पैसा व्यापारासाठी जितका, तितकाच सत्तेसाठी खर्च होत होता.

हिशेब फिरला तो जमिनीची बाजू मोकळी झाल्यावर. कान्होजी १७२९ मध्ये वारले, पुढे घराण्यात फूट पडली आणि त्यांचे पुत्र तुळाजी आंगऱ्यांचे नानासाहेब पेशव्यांशी वैर जुंपले. १७५५ मध्ये पेशव्यांशी करार करून कंपनीच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आरमार घेऊन आणि कर्नल क्लाइव्ह फौज घेऊन विजयदुर्गावर आले. त्यांच्या माऱ्यात एका जहाजाने पेट घेतला, आग पसरत गेली आणि तुळाजींचे बहुतेक सारे आरमार काही तासांत जळून गेले. किल्ल्यात सुमारे १० लाख रुपयांची लूट सापडली, ती इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. वाटणीचे प्रमाण मुंबईहून निघण्याआधीच ठरले होते आणि त्यात पेशव्यांना हिस्सा नव्हता.

म्हणजे चाळीस वर्षांचा खर्च कंपनीचा, फायदा काही अधिकाऱ्यांच्या खिशात, आणि सर्वांत मोठे नुकसान मात्र ज्यांनी इंग्रजांना बोलावले त्यांचे, असा हा व्यवहार झाला. घरच्या वैरापायी स्वराज्याच्या किनाऱ्याचे कवच परक्याच्या हातून जाळून घेणे ही नानासाहेबांची घोडचूक होती. विजयदुर्गही त्यांना लगेच मिळाला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने बाणकोट आणि दहा गावे कंपनीला दिल्यावरच तो त्यांच्या ताब्यात आला. पुढे त्याच बंदरात पेशव्यांना धुळप घराण्यातील सरदारांच्या हाताखाली पुन्हा नव्याने आरमार उभारावे लागले.